दादाच्या पानावर आम्ही नव्हतो

दादा इंजिनीअरिंगला पुण्याला गेला तेव्हा आमच्या घरी फोन नव्हता. आखाडा बाळापूरला बसस्टँडच्या अंगाला एक एसटीडी बूथ होतं. तिथं तो दर रविवारी सकाळी फोन करायचा. माय आणि मी आधीच जाऊन बाकड्यावर बसायचो. बाबा मात्र शिलाईचं दुकान सोडून यायचे नाहीत. "मला फोनवर ऐकू येत न्हाई, तुमीच बोला," म्हणायचे. आणि दुपारी जेवताना एकेक शब्द खोदून विचारायचे. काय म्हणला, हसला का, पुढं काय म्हणला.

माय रोजानं शेतात जायची, हंगामात हळद शिजवायला जायची. ती शाळेत कधी गेली नाही. फोनवर ती फारसं बोलायची नाही. 'हां', 'बरं', 'जेवला का', एवढंच. पण ऐकायची कशी, तर डोळे मिटून. एका रविवारी दादा म्हणाला, सगळं छान चाललंय, काळजी करू नका. फोन ठेवल्यावर माय बाकड्यावरून उठेचना.

"ह्याला बरं न्हाई," ती म्हणाली.

"तो तर म्हणला मजेत हाय."

"आवाज कोरडा पडलाय त्याचा. तुला न्हाई कळायचं."

दुसऱ्या दिवशी ती हिंगोलीला जाऊन पुण्याच्या एसटीत बसली. त्याआधी एकटी कधी वसमतच्या पुढं गेली नव्हती. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि दादाच्या होस्टेलचा पत्ता बाबांनी लिहून दिलेला. दादा खरंच काविळीनं अंथरुणाला खिळला होता. होस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या खोलीत माय राहिली, आणि तो उठून चालायला लागल्यावरच परत आली. दादा नंतर सांगायचा, "दार उघडलं तर समोर माय उभी. मला वाटलं ताप डोक्यात गेला."

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, पण एखादी मैत्रीणही नसावी एवढा जवळचा तो माझा मैतर होता. गणितात नापास झाले तर आधी त्याला सांगायचं. वर्गातल्या पोरी वस्तीवरून काही बोलल्या, त्यांनी पाण्याच्या हंड्याला हात लावू दिला नाही, तर तेही त्याला. तो चिडायचा नाही, समजूतही घालायचा नाही. नुसता ऐकायचा, आणि शेवटी म्हणायचा, "अजून काय?" मग मला अजून काहीतरी आठवायचं.

सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या एका गावात आमची आत्या राहायची. एका पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले म्हणून आम्ही दोघं तिच्याकडून सायकलवर बघायला गेलो. पाण्याचा आवाज एवढा, की कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. तिथं तो मला म्हणाला, "छोटे, मी लई लांब जाणार हाय. पण काय झालं ते सगळं तुला सांगत जाईन. तूबी सांगत जा." मी मान हलवली. मला तेव्हा लांब म्हणजे पुणंच वाटलं होतं.

तो अमेरिकेला गेला तोवर मी डी.एड. करून गावातल्याच एका खाजगी शाळेत शिकवायला लागले होते. अमेरिकेहून फोन महाग पडायचा, तरी महिन्यातून दोनदा यायचा. मग एका फोनवर तो म्हणाला, "छोटे, कॉम्प्युटर येतो ना तुला? एक नवी साईट निघालीय. त्यावर तुझं खातं उघड. मग रोज बोलता येईल, पैसे न्हाई, काई न्हाई."

रोज! मी दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मोबाईल रिचार्जच्या दुकानात गेले. तिथं मागच्या बाजूला प्लायवूडचे कप्पे करून कॉम्प्युटर ठेवले होते. लाईट असली तर ते चालायचे. त्या साईटवर प्रत्येकाचं एक पान असायचं. त्यावर त्याचे फोटो, त्याचे मित्र, आणि खाली कुणीही येऊन दोन ओळी लिहाव्यात अशी जागा. लिहिलेलं सगळ्यांना दिसायचं. दादाच्या पानावर तो काळा चष्मा घालून लाल गाडीला टेकून उभा होता. मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "दादा, मी आले." अर्ध्या तासात उत्तर, "वेलकम छोटे!" मला दुकानातच रडू आलं.

पहिले काही महिने खरंच सुखाचे गेले. आज इकडं बर्फ पडला, आज मी स्वतः खिचडी केली, आज आमच्या शाळेत तपासणी आली. पण रोज बोलणं व्हायला लागलं तसा फोन मागं पडला. महिन्यातून एकदा, मग सणावारी. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, रोज तर बोलतोच आपण."

आपण म्हणजे तो आणि मी. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं.

मी घरी आले की ती हातातलं काम ठेवायची. "काय म्हणला?"

"म्हणला, हाय, कशी हाईस."

"आन् अजून?"

"हसरं तोंड काढलं होतं."

"आवाज कसा होता?"

"माय, त्यात आवाज नसतो."

मग बाजाराच्या दिवशी ती माझ्यासोबत दुकानात यायला लागली. धुतलेलं लुगडं नेसून यायची, डोक्यावर पदर घेऊन स्टुलावर बसायची, आणि फोटो बघायची. दादाचं घर, दादाचं ऑफिस, दादाचे गोरे-काळे मित्र. "बारीक झालाय," म्हणायची. प्रत्येक फोटोला तेच. एकदा म्हणाली, "आता मी सांगते ते लिही." मी लिहिलं, "म्हैस व्याली, पारडी झाली. तुझ्या बापाचा डोळा दुखून राहिला. तू टायमावर जेवत जा. माय." तिनं पडद्यावर ती अक्षरं कुठं उमटली ते नीट बघून घेतलं.

दोन दिवसांनी मी एकटी गेले तर त्या ओळींखाली त्याच्या कुठल्यातरी मित्रानं इंग्रजीत म्हशीवरून गंमत केली होती. त्याच्या पुढच्या खेपेला त्या ओळीच नव्हत्या. दादाचा मला वेगळा मेल आला होता. 'छोटे, इथं ऑफिसचे लोक असतात. घरचं असं उघड्यावर नको लिहूस. पानावर नुसतं हाय-हॅलो कर, बाकी मेलवर सांग.'

मला त्याचा राग आला नाही. पुण्याला गेल्यापासून तो गाव कोणतं, वडील काय करतात, राहायला कुठल्या भागात, असल्या प्रश्नांना सावध उत्तरं द्यायला शिकला होता. आमच्या वस्तीतून शिकून बाहेर पडलेले सगळेच शिकतात. पण बाजाराच्या दिवशी मायनं पडद्यावर ती जागा शोधली. बोट नेमकं तिथंच ठेवलं आणि विचारलं, "माह्यं लिव्हलेलं कुठं गेलं?"

"जागा भरली की जुनं आपोआप पुसतंय ते," मी म्हणाले.

"असं व्हय," ती म्हणाली.

लग्नाचं आम्हाला असंच बाजाराच्या दिवशी कळलं. दिवाळी होऊन गेली होती. पानावर नवे फोटो दिसत होते. नेट तेव्हा एवढं सावकाश, की फोटो वरून खाली पट्टी-पट्टीनं उघडायचा. आधी झेंडूच्या माळा आल्या. मग एका मंगल कार्यालयाच्या पाटीचा तुकडा, त्यावर पुणे. मग केशरी फेटा.

"कुणाचं लगीन हाय?" मायनं विचारलं.

"दादाच्या मैतराचं असंल."

फेट्याखाली कपाळ आलं, कपाळाखाली डोळे. आम्ही दोघी बघत राहिलो. खाली खाली येत पूर्ण चेहरा झाला, गळ्यात हार आला, शेजारी हिरवा चुडा भरलेली एक गोरी, नाजूक मुलगी आली.

"हा तर आपला हाय," माय म्हणाली.

शेजारच्या कप्प्यात कुणीतरी गाणी लावली होती. मायनं पदरानं डोळे नाही, चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

"पुण्याला झालं का?"

"पाटी तर पुण्याचीच हाय."

"म्हंजे इकडं आला होता," ती म्हणाली. "एका एसटीचा तर रस्ता हाय पुण्याचा." तिला तो रस्ता ठाऊक होता.

मी पान बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला. "पोरगी दाखव नीट. मोठी करून दाखव." मी केली. ती बराच वेळ बघत राहिली. "चांगली हाय. डोळे मायाळू हायेत." मग म्हणाली, "तिथं लिहायची जागा असती ना? लिही, दोघं सुखात राहा."

खाली पन्नास-साठ माणसांनी अभिनंदन लिहिलं होतं. मी सगळ्यांच्या खाली लिहिलं, दोघं सुखात राहा. आम्ही उठायच्या आत दादाची ओळ आली, "थँक्स ऑल."

"काय म्हणला?"

"आभार मानले."

"माझे?"

"सगळ्यांचे."

मी एक फोटो छापून घेतला आणि बाबांच्या दुकानात नेऊन दिला. काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं, आणि सांगायची गरज पडली नाही. बाबांनी तो उजेडाकडं धरला. खालीवर केला. दादाचे शाळेपासून कॉलेजपर्यंतचे सगळे कपडे त्यांनी शिवले होते. "कोट उजव्या खांद्याला ओढतोय," ते म्हणाले. "तयार आणलेला दिसतो." फोटो मला परत दिला आणि मशीन चालू केली. त्या दिवशी दुपारी ते जेवायला घरी आले नाहीत.

चार-पाच दिवसांनी दादाचा बाबांच्या मोबाईलवर फोन आला. सगळं घाईत ठरलं, तिच्या घरच्यांनीच उरकलं, सुट्टी नव्हती. बाबांनी ऐकून घेतलं आणि फोन मायकडं दिला. माय रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "सून कवा दाखवतोस? तिला दे की फोन." तो म्हणाला, ती आत्ता बाहेर गेलीय.

मग एक दिवस त्या मुलीनंच मला साईटवर मैत्रीची विनंती पाठवली. मी ती स्वीकारली. कोपऱ्यात गप्पांची छोटी खिडकी उघडली आणि तिचं बोलणं यायला लागलं. तीही इंग्रजी अक्षरांतलं मराठी लिहायची.

"तुम्ही ह्यांच्या गावच्या ना? हे तुमच्याबद्दल खूप सांगतात."

"काय सांगतात?" मी लिहिलं.

"आई-बाबा अपघातात गेल्यावर तुमच्याच घरात वाढले म्हणून. तुम्ही त्यांना सख्ख्या बहिणीसारख्या आहात. आणि कावीळ झाली होती तेव्हा तुमच्या आई एकट्या पुण्याला आल्या होत्या ना? मला ते ऐकून फार भरून आलं होतं. कोण करतं हो परक्या मुलासाठी एवढं? त्यांना माझा नमस्कार सांगा."

ते मी कितीदा वाचलं कोण जाणे. त्यानं मायला टाकून दिलं नव्हतं. तिचा सगळा चांगुलपणा जपून ठेवला होता, फक्त ती त्याची आई राहिली नव्हती. खिडकीत ती विचारत होती, "आहात का?"

"आहे," मी लिहिलं. "सांगते नमस्कार."

घरी जाऊन मी मायला म्हणाले, "सुनेनं तुला नमस्कार सांगितलाय." ते खरंच होतं. मायचा चेहरा असा उजळला, की मला तिथं उभं राहवेना. संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या वस्तीला सांगितलं, सून लई शहाणी हाय, सासूला आठवण ठेवून नमस्कार पाठवती.

मी दादाला फोन लावला. महाग पडला तरी लावला. शाळेच्या मागच्या लिंबाखाली उभी होते. मी एवढंच विचारलं, "माय आन् बाबा अपघातात कवा मेले, दादा?"

तो म्हणाला, "ओळख त्या साईटवरच झाली आमची. नुसतं चॅटवर बोलायचो. तिनं विचारलं, घरी कोण कोण असतं. मला वाटलं, आता वडील काय करतात, कुठले, कोण, सगळं निघणार. मी लिहून टाकलं, कुणी न्हाई. समोर असती तर तोंडातून निघालं नसतं गं. नुसतं टाइप करायचं होतं."

"मग मागून का न्हाई सांगितलं?"

"ते वाचून ती रडली. तेव्हापासनं ती मला जवळची झाली. तेच खोटं हाय म्हणून कसं सांगू, छोटे? सांगतो. जरा टाइम दे मला. मायला बोलू नकोस."

मायला मी बोलले नाही. ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतंच. ती दर बाजाराला विचारायची, सुनेचा फोन काहून येत न्हाई, तिला मराठी येतं ना? मी म्हणायचे, ड्यूटी असते तिला, तिकडं रात असती. माय समजून घ्यायची. सुनेसाठी म्हणून तिनं पत्र्याच्या पेटीत एक साडी आणून ठेवली होती.

दोन वर्षांनी हळद शिजवायच्या दिवसांत तिला ताप आला. अंगावर काढला. वसमतला दवाखान्यात नेलं, तिथून नांदेडला. ती आठवडाभरही राहिली नाही. दादाला कळवलं होतं. तो म्हणाला, तिकीट बघतो. त्याचं तिकीट मिळायच्या आत ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाया बसल्या होत्या. एवढ्यात त्याचा फोन आला. मी तो घेऊन मागच्या दारी गेले. तो नुसता हुंदके देत होता, लहान लेकरू रडावं तसा, मोकळ्यानं, आवाज काढून. माणूस असा रडताना मी तोवर ऐकला नव्हता.

"छोटे, दिवसभर ऑफिसात बसून होतो," तो म्हणाला. "कुणाला काय सांगू? हितं सगळ्यांसाठी माझी माय कवाच मेली. मला रडता येईना कुणापाशी. आता घरापाशी येऊन गाडीतच बसलोय."

मग पलीकडं गाडीचं दार वाजलं. एका बाईचा आवाज आला, "काय झालं? कोण आहे फोनवर?" त्याच्या हातातून फोन तिनं घेतला असावा. "हॅलो? कोण गेलं तुमच्याकडं?"

"आई," मी म्हणाले.

"अरे देवा. तुमची आई?"

त्या घडीला मला काही वाचवायचं राहिलं नव्हतं. "आमची," मी म्हणाले. "माझी आन् दादाची. आमाला दोघांना एकच आई होती. बाबा हायेत अजून."

मग ती अगदी हळू म्हणाली, "आईंना माझ्याबद्दल माहीत होतं?"

"फोटो बघितला होता. डोळे मायाळू हायेत म्हणली. तुमी नमस्कार सांगितला तो तिनं सगळ्यांना सांगितला."

ती रडायला लागली. ती तिकडं, मी इकडं. दादा त्या गाडीत कुठंतरी शेजारीच बसलेला असणार.

ते दोघं थंडीत आले. मायच्या पुण्यानुमोदनाचा, तिच्या आठवणीचा कार्यक्रम होऊन खूप दिवस झाले होते. दादा दारात उभा राहिला, त्याला आत पाऊल टाकवेना. बाबा म्हणाले, "ये. पाणी पी." एवढंच. तिनं वाकून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि बाबांना काय करावं ते कळेना, ते तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मी पेटीतली साडी तिला दिली. ती दोन दिवस तीच नेसून होती. मला म्हणाली, "मला ह्यांचं गाव, जात, घर, कशाचंच काही वाटलं नसतं. पण मला विचारायची संधीच दिली नाही त्यांनी." दादा ऐकत होता. तिच्या बोलण्यात राग नव्हता, त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. ती त्याला सोडून गेली नाही. पण त्या दोन दिवसांत ती त्याच्याशी बोलताना त्याच्याकडं बघत नव्हती.

परत गेल्यावर दादानं त्याच्या पानावर मायचा फोटो लावला. एका नातेवाइकाच्या लग्नात काढलेला, डोक्यावर पदर, कॅमेऱ्याला घाबरलेली. खाली लिहिलं, माझी आई. दिवसभरात शेकडो लोकांनी हळहळ व्यक्त केली. काहींनी फुलं टाकली. मी ते बाबांना वाचून दाखवायला सुरुवात केली, तर चार-पाच झाल्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्यातलं कोण ओळखत होतं तिला?"

मी नंतर ते खातं बंद केलं. दादा आता पुन्हा फोन करतो, दर आठवड्याला, आवर्जून. बाबांच्या डोळ्याचं विचारतो, माझ्या शाळेचं विचारतो, पाऊस-पाण्याचं विचारतो. मग आमचं बोलणं संपतं.

"अजून काय?" तो म्हणतो.

सांगण्यासारखं पुष्कळ असतं. पण ते ओठांपर्यंत येत नाही.

"काई न्हाई," मी म्हणते. "बाकी सगळं बराबर हाय."